पट्टा थांबला, दिवा मात्र हिरवाच



टायमर चालत नाही, इंटरप्ट येत नाही, पिनवर काही दिसत नाही. या तिन्ही तक्रारी आपण या मालिकेत वेगवेगळ्या भागांत घेतल्या आहेत. आज तिन्ही एकत्र घेतोय, कारण मागच्या उन्हाळ्यात मला त्या एकत्रच भेटल्या. एकच बोर्ड, एकच आठवडा. आणि बोर्ड माझ्या टेबलावर नव्हता, चालत्या कन्व्हेअर पट्ट्याला लावलेला होता.

भिलाईत राहणाऱ्याला पट्ट्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ ला इथल्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं, तेव्हापासून दल्ली-राजहराचं लोहखनिज आणि नंदिनीचा चुनखडक या गावाकडे येतोच आहे, आणि कारखान्यात असा माल पुढे सरकतो तो मोठ्या प्रमाणात पट्ट्यांवरून. मोठ्या कारखान्याच्या आजूबाजूला छोटे कारखाने उभे राहिले. हथखोजच्या बाजूला असाच एक छोटा कारखाना आहे, धातुमळी फोडून चाळणारा. नाव सांगत नाही. मोजून तीन पट्टे, त्यातला मधला आपला.

पट्ट्याला एक वाईट खोड असते. मोटर पुढच्या पुलीला फिरवते. पट्टा ढिला झाला, ओला झाला किंवा खाली दगड अडकला की पुली फिरत राहते आणि पट्टा जागच्या जागी उभा राहतो. मग पुली रबराला घासते. आधी वास येतो, मग धूर, आणि कुणाचं लक्ष नसेल तर आग. म्हणून मागच्या पुलीवर, म्हणजे टेल पुलीवर नजर ठेवतात. तिला मोटर नसते, ती पट्ट्यानेच फिरते. ती थांबली म्हणजे पट्टा थांबला. ही नजर ठेवणाऱ्या उपकरणाला झीरो स्पीड स्विच म्हणतात. बाजारात तयार मिळतो. इथला जुना बिघडला होता, नवा यायला वेळ होता, आणि मी फुशारकीने म्हणालो, तोपर्यंत मी करून देतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे उपकरण पट्टा वाचवायला आहे, माणूस वाचवायला नाही. माणसासाठी पट्ट्याच्या कडेची ओढदोरी, जाळ्या आणि काम करताना कुलूप लावलेला मेन स्विच. त्यांची जागा घरी केलेल्या बोर्डाने घ्यायची नाही.

आता हिशेब. पट्ट्याचा वेग सेकंदाला १ मीटर, टेल पुलीचा व्यास ४०० मिलिमीटर. परीघ साधारण १.२६ मीटर, म्हणजे पुलीचे मिनिटाला सुमारे ४८ फेरे. पुलीच्या बाजूला लोखंडाचे चार तुकडे लावले आणि समोर प्रॉक्सिमिटी सेन्सर. सेकंदाला ३.२ ठोके मिळतात. प्रत्येक ठोक्याला इंटरप्ट येतो आणि आकडा एकाने वाढतो. दर सेकंदाला टायमर आकडा बघतो. तीन किंवा चार असेल तर सगळं ठीक. दोनपेक्षा कमी, आणि असं सलग तीन वेळा झालं, तर रिले सोडून द्यायचा. रिले सुटला की मोटरचा कॉन्टॅक्टर सुटतो. सुरुवातीला पट्ट्याला वेग घ्यायला वेळ लागतो, म्हणून पहिले १० सेकंद दुर्लक्ष करायचं. एटमेगा३२८पी चिपचा उनो बोर्ड. वाचायलाही सोपं, करायलाही सोपं.

बसवल्यावर चाचणी घेतली. पट्टा चालू ठेवला आणि सेन्सरचा नट ढिला करून तो पुलीपासून बाजूला घेतला. बोर्डाच्या दृष्टीने पुली थांबली. एक, दोन, तीन, चार... काही नाही. रिले जागचा हलला नाही. अर्धा मिनिट झालं. तिथला मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, बत्ती तो हरी है." हिरव्या दिव्याखाली आम्ही दोघं उभे होतो, आणि मी मनात विचार करत होतो की चाचणी न घेता निघून गेलो असतो तर?

अशा वेळी आपला हात आपोआप कोडकडे जातो, टायमरच्या ओळी पुन्हा वाचायला. मी म्हणतो, तिथून सुरुवात करू नका. चौकशी पिनपासून उलटी करा. पिन हे चिपचं तोंड आहे. ते उघडतं का, हे आधी बघा, मग डोक्यात काय चाललंय ते.

म्हणून पहिला प्रोग्राम तीन ओळींचा: पिन आउटपुट कर, वर ने, दोन सेकंदांनी खाली आण. टायमर नको, इंटरप्ट नको. मल्टिमीटर पिनवर. ५ व्होल्ट, शून्य, ५ व्होल्ट, शून्य. रिले खट्-खट् करतो. म्हणजे पिन, ट्रान्झिस्टर, रिले बरे. इथेच अडकणारे पुष्कळ असतात. पिनला आउटपुट म्हणून घोषित करायलाच विसरतात, मग ‘वर’ लिहिल्यावर फक्त आतला पुल-अप जोडला जातो. मीटरला ५ व्होल्ट दिसतात, पण भार लावला की कोसळतात. किंवा रिलेची कॉइल थेट पिनवर टांगतात. ५ व्होल्टच्या छोट्या रिलेला साधारण ७० मिलिअँपिअर लागतात, आणि या चिपच्या एका पिनची कमाल मर्यादा ४०, तीही गाठायची नाही अशी. मध्ये ट्रान्झिस्टर आणि कॉइलवर उलटा डायोड, यात सूट नाही.

दुसरी पायरी टायमरची, आणि इथेही इंटरप्ट अजून आणायचा नाही. या चिपमध्ये टायमर स्वतःच पिन हलवू शकतो. टायमर एक ठरलेल्या आकड्याला पोचला की नऊ नंबरची पिन उलटी कर, असं हार्डवेअरलाच सांगता येतं. १६ मेगाहर्ट्‌झचं घड्याळ, त्याला २५६ ने भागलं, आणि टायमरला ३१२४९ पर्यंत मोजायला सांगितलं, तर पिन अर्धा सेकंद वर आणि अर्धा सेकंद खाली राहते. ३१२५० नाही, ३१२४९, कारण मोजणी शून्यापासून सुरू होते. ही चाचणी मला फार आवडते. एलईडी लावा आणि मनगटावरचं घड्याळ बघा. दिवा बरोबर लुकलुकला तर घड्याळ, भागाकार, मोड, पिन सगळं एकदम सिद्ध होतं. नाही लुकलुकला, तर दोष टायमरच्या मांडणीत आहे, इंटरप्टच्या माथी मारायचं कारण नाही.

माझा नाही लुकलुकला.

आणि गंमत अशी की टायमरच्या त्या ओळी माझ्या जुन्या, कित्येकदा वापरलेल्या होत्या. नुसत्या चिपवर, आर्डुइनोच्या भानगडीशिवाय, त्या वर्षानुवर्षं चालल्या होत्या. उनोवर टाकताना मी त्या उचलून चिकटवल्या आणि टेबलावर पुन्हा तपासल्या नाहीत. सिद्ध झालेलं कोड म्हणून.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. रजिस्टरं परत वाचून सिरियलवर छापली. आपण काय लिहिलं ते नव्हे, आत आता काय आहे ते. टायमर एकचा कारभार दोन रजिस्टरांत असतो, टीसीसीआर१ए आणि टीसीसीआर१बी. रीसेटनंतर चिपमध्ये ती दोन्ही शून्य असतात. पण आर्डुइनोमध्ये आपलं सेटअप सुरू होण्याआधी एक छुपी तयारी होते. त्यांना पिन नऊ आणि दहावर पीडब्ल्यूएम द्यायचं असतं, म्हणून ते टायमर एक आधीच चालू करून ठेवतात: ‘ए’मध्ये एक मोडचा बिट, ‘बी’मध्ये ६४ ने भागणारे दोन बिट, सीएस१० आणि सीएस११. भाड्याच्या घरात आधीच्या भाडेकरूचं सामान असावं तसं.

आणि मी काय केलं होतं? माझा २५६ ने भागणारा बिट, सीएस१२, ‘बी’मध्ये मिळवला होता. मिळवला, म्हणजे ‘किंवा’ या क्रियेने, आधीचं न पुसता. आता तिन्ही बिट एक झाले. एक-एक-एक या जोडीचा अर्थ कुठलाही भागाकार नाही. त्याचा अर्थ: आतलं घड्याळ सोड आणि पाच नंबरच्या पिनवर बाहेरून ठोका आला की एक मोज. पाच नंबरच्या पिनला माझ्याकडे काहीच जोडलेलं नव्हतं. टायमर बिघडला नव्हता, सांगितल्याप्रमाणे पाच नंबरच्या दाराकडे डोळे लावून बसला होता.

खात्री करून घ्यायची म्हणून मोजणीचा आकडा, टीसीएनटी१, सारखा छापत ठेवला. तोच आकडा, तोच आकडा. पाच नंबरच्या पिनला वायरचा तुकडा लावून वायरचं उघडं टोक बोटाने धरलं, आणि आकडा पळायला लागला. घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्‌झची गुणगुण माझ्या अंगातून जाऊन टायमर मोजत होता. मंडळी, इतक्या वर्षांत बिघाड सापडल्याचा एवढा आनंद मला क्वचित झाला असेल.

पण अर्धंच सापडलं होतं. ‘ए’मधला जुना मोडचा बिट आणि माझा ‘बी’मधला मोडचा बिट मिळून टायमर आठ बिटांच्या फास्ट पीडब्ल्यूएम मोडमध्ये गेला होता. त्या मोडमध्ये मोजणी २५५ वरून परत शून्यावर येते. ३१२४९ किंवा माझ्या सेकंदासाठीचा ६२४९९ तिला कधी दिसणारच नाही. म्हणजे घड्याळ दुरुस्त केलं असतं तरी इंटरप्ट आला नसताच. उपाय दोन ओळींचा: आधी दोन्ही रजिस्टरं सरळ शून्य करा, मग आपलं लिहा. आणि क्रमही पाळा, शून्य आधी. कारण पीडब्ल्यूएम मोड चालू असताना तुलनेचा आकडा लिहिला तर तो थेट लागू होत नाही, मध्ये एका थांब्यावर ठेवला जातो.

दिवा अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लुकलुकला. मग इंटरप्ट चालू केला आणि त्याच्या आत फक्त एक पिन उलटी करणारी एक ओळ ठेवली. तीही चालली. इथे नवीन मंडळींसाठी एक खूण. इंटरप्ट चालू केला पण त्याच्या फंक्शनचं नाव लिहिताना एक अक्षर चुकलं, तर प्रोग्राम गप्प बसत नाही, इंटरप्ट आला की चिप पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू होते. रीसेटसारखं दिसतं, पण रीसेट नसतं. कंपायलर बहुतेक वेळा नाव चुकल्याचा इशारा देतो. पिवळ्या अक्षरांतले इशारे आपण वाचत नाही, तो भाग वेगळा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हथखोज. सेन्सर बाजूला केला, तीन-चार सेकंदांत रिले सुटला, पट्टा थांबला. मिस्त्रीने मान डोलावली. पुन्हा करून बघू म्हटलं. दुसऱ्यांदा सुटला. तिसऱ्यांदा नाही सुटला.

कधी चालतं, कधी नाही, असा बिघाड सगळ्यात त्रासदायक. पण आता मला माहीत होतं की पिन बरी, टायमर बरा. राहिला सेन्सरचा इंटरप्ट. मी दर सेकंदाचा आकडा छापला. सेन्सरसमोर काहीही नसताना शून्य यायला हवा होता. येत होता: शून्य, शून्य, दोन, शून्य, तीन, नऊ. बाजूचा क्रशर चालू-बंद झाला की नऊ. सेन्सरची वायर २० मीटर लांब, आणि सोयीचं म्हणून मोटरच्या केबलसोबत एकाच पाइपातून आणलेली. वर मी चिपच्या आतल्या पुल-अपवर विसंबलो होतो. तो २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे अगदी हलका हात. मोटरच्या केबलमधला प्रत्येक झटका त्या वायरवर उमटत होता, आणि इंटरप्टला मायक्रोसेकंदाचा झटकाही खरा ठोकाच वाटतो. तो पिनवरचा बदल बघतो, कारण बघत नाही.

हा दोष पहिल्यापेक्षा वाईट, असं माझं मत. पहिल्यात बोर्ड आंधळा होता. इथे थांबलेल्या पुलीला तो फिरती म्हणत होता.

वायर वेगळ्या पाइपातून नेली. सेन्सर २४ व्होल्टवर चालवला आणि चिपच्या आधी ऑप्टोकपलर लावला, म्हणजे झटक्याला हलवायला चांगला करंट लागतो. त्यानंतर १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅराड, म्हणजे १० मिलिसेकंदांची चाळणी. दोन खऱ्या ठोक्यांमध्ये ३०० मिलिसेकंदांहून जास्त अंतर आहे, त्यामुळे १० ने खऱ्याचं काही बिघडत नाही. प्रोग्राममध्येही ठरवलं की आधीच्या ठोक्यापासून ५० मिलिसेकंदांच्या आत आलेला ठोका मोजायचा नाही. आणि सगळ्यात स्वस्त उपाय, जो मला उशिरा सुचला: वरची मर्यादा. हा पट्टा सेकंदाला चारपेक्षा जास्त ठोके देऊच शकत नाही. सहापेक्षा जास्त आले तर तेही बिघाड समजायचं. थांबलेल्या पुलीचा लोखंडी तुकडा नेमका सेन्सरच्या कडेवर येऊन थरथरला, तर भरपूर ठोके येतात. ‘जास्त म्हणजे चांगलं’ असं मानणारा बोर्ड तिथे फसतो.

मोजणीचा आकडा ठेवायचा व्हेरिएबल व्होलटाइल हवा, हे तुम्हाला मी इतक्यांदा सांगितलंय की पुन्हा सांगत नाही. एवढंच सांगतो की व्होलटाइलने सगळं भागत नाही. ही चिप आठ बिटांची. सोळा बिटांचा आकडा ती दोन घासांत वाचते. २५५ चा २५६ होतानाच मध्ये इंटरप्ट आला, तर खालचा अर्धा जुना आणि वरचा अर्धा नवा मिळून ५११ वाचलं जातं. वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद करायचे, किंवा आपल्यासारखं चार-सहाचं काम असेल तर एक बाइटच ठेवायचा.

तिसरा दिवस. सेन्सर बाजूला केला, दहाही वेळा पट्टा थांबला. पण आता नवीनच. पट्टा थांबल्यावर लाल दिवा लागायचा आणि लागून राहायचा होता, कारण बिघाड माणसाने बघून बटण दाबेपर्यंत बोर्डाने विसरायचं नाही असं ठरलं होतं. लाल लागायचा, आणि लगेच पुन्हा हिरवा. पट्टा उभा, दिवा हिरवा. मिस्त्रीने या वेळी काही म्हटलं नाही, नुसतं बोट दाखवलं.

मी प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला एक वेगळा एलईडी तीनदा लुकलुकवायची ओळ घातली. ही युक्ती नेहमी ठेवा, चिप पुन्हा जन्मली हे सांगणारी दुसरी सोपी सोय नाही. पट्टा थांबला की तो एलईडी तीनदा लुकलुकत होता. म्हणजे रिले सुटला, कॉन्टॅक्टरच्या २३० व्होल्टच्या कॉइलचा करंट तुटला, कॉइलने झटका मारला आणि त्या झटक्याने चिप रीसेट झाली. कॉइलवर रेझिस्टर-कॅपॅसिटरचा स्नबर लावला आणि बोर्डाचा पॉवर सप्लाय वेगळा केला, झटका गेला. कॅपॅसिटर मेन्सवर चालणारा एक्स२ जातीचाच, इथे काटकसर करू नका.

पण त्या रात्री घरी बसून विचार केला तेव्हा अंगावर काटा आला. रीसेट झाल्यावर माझा प्रोग्राम काय करतो? १० सेकंद दुर्लक्ष करतो आणि रिले धरून ठेवतो. आता समजा सप्लाय कमजोर आहे आणि चिप दर आठ सेकंदांनी रीसेट होतेय. प्रत्येक जन्मानंतर १० सेकंदांची सूट, आणि ती संपायच्या आत पुढचा जन्म. मधल्या क्षणिक घसरणीत कॉन्टॅक्टर सुटला नाही, तर पट्टा जळेपर्यंत दिवा हिरवा. सुरुवातीची सूट मी चिपच्या सुरुवातीला जोडली होती. ती मोटरच्या सुरुवातीला जोडायला हवी होती. कॉन्टॅक्टरचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट एका पिनवर आणला. मोटर बंदची चालू होताना दिसली तरच १० सेकंद. चिप जागी झाली आणि मोटर आधीच चालू आहे, तर सूट नाही. बिघाडाची नोंद ईईप्रॉममध्ये, म्हणजे रीसेटनेही पुसली जात नाही.

आणि मग मूळ प्रश्नाकडे परत गेलो. पहिल्या दिवशी टायमर मेला होता तरी रिले का धरलेला होता? कारण रिले सोडायचा निर्णय टायमरच्या इंटरप्टमध्ये होता. जो मेला त्याच्याकडेच मृत्यूची बातमी द्यायचं काम होतं. पिन एकदा वर केली की ती वरच राहते. टायमर मरो, प्रोग्राम अडको, पिनचा आतला ट्रान्झिस्टर जळून शॉर्ट होवो, ‘सगळं ठीक’ चालूच.

उपाय जुना आहे, सुरक्षिततेच्या सर्किटांत नेहमीचा. पिन वर ठेवून रिले धरायचा नाही, पिन सतत हलती ठेवून धरायचा. पिनमधून एक कॅपॅसिटर, मग दोन डायोड, मग दुसरा कॅपॅसिटर. पहिला कॅपॅसिटर फक्त बदल पुढे जाऊ देतो. पिन हलत राहिली तर दुसरा भरलेला राहतो आणि ट्रान्झिस्टर रिले धरतो. पिन वर अडकली किंवा खाली अडकली, दोन्हीत तो रिकामा होतो आणि सेकंदाच्या छोट्या भागात रिले सुटतो. हातपंपासारखं आहे, दांडा हलवायचा थांबलात की पाणी थांबलं.

पण हा दांडा हलवायचा कुणी, यात खरी मेख आहे. टायमरच्या हार्डवेअरला सांगितलं तर प्रोग्राम लटकला तरी तो हलवत बसेल. मी ज्या चाचणीचं मघाशी कौतुक केलं, तीच सोय इथे विष आहे. इंटरप्टमध्ये हलवला तर मुख्य लूप अडकली तरी इंटरप्ट येतच राहतात. नुसत्या लूपमध्ये हलवला तर टायमर मेलेला कळणार नाही. म्हणून दोघांना एकमेकांवर अवलंबून ठेवलं. टायमर एक मिलिसेकंदाचा केला: ६४ ने भागाकार, २४९ पर्यंत मोजणी. इंटरप्ट दर मिलिसेकंदाला फक्त हजेरीची खूण करतो. लूप ती खूण बघते, पुसते, आणि गेल्या सेकंदांचे आकडे ठीक असतील तरच पिन एकदा उलटी करते. टायमर थांबला तर खूण नाही. लूप थांबली तर पिन हलत नाही. चिप रीसेट झाली तर तेवढ्या वेळात पंप रिकामा होतो आणि पट्टा थांबतो. हजार खुणा झाल्या की एक सेकंद. वॉचडॉगलाही हाच नियम लावतो: त्याला थोपटायचं काम इंटरप्टमध्ये कधीच ठेवू नका.

यानंतर मी पहिल्या दिवसाची चूक मुद्दाम परत केली. टायमरची दोन्ही रजिस्टरं शून्य करायच्या ओळी काढल्या आणि सीएस१२ पुन्हा मिळवला, म्हणजे तिन्ही बिट परत एक. बोर्डाला वीज दिली. रिलेने धरलंच नाही, मोटर सुरूच होईना. हेच हवं होतं.

शेवटी उनो काढून छोट्या पीसीबीवर नुसती चिप बसवली, कारण त्या धुळीत उनोचे टोचे टिकणार नाहीत. इथे एक ओळखीचा खड्डा. बाजारातून आणलेली कोरी एटमेगा३२८पी बाहेरचा क्रिस्टल वापरत नाही. ती आतल्या ८ मेगाहर्ट्‌झच्या घड्याळाला आठने भागून १ मेगाहर्ट्‌झवर चालते, तुम्ही शेजारी १६ चा क्रिस्टल बसवलात तरी. फ्यूज बदलेपर्यंत तसंच. म्हणजे माझा सेकंद १६ सेकंदांचा झाला असता, आणि तीन खिडक्यांचा निकाल ४८ सेकंदांनी. अर्ध्या सेकंदाचा लुकलुकणारा दिवा आठ सेकंद पेटून राहिला, तेव्हाच कळलं. नसतं कळलं, तरी १६ सेकंदांत पन्नासेक ठोके आले असते आणि सहाच्या वरच्या मर्यादेने पट्टा चालूच दिला नसता. ती मर्यादा मी थरथरीसाठी ठेवली होती, ती इथेही कामाला आली असती.

आणखी एक. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा आकडा सुमारे ४९.७ दिवसांनी भरतो आणि शून्यावर येतो. पट्ट्याचा बोर्ड कुणी बंद करत नाही, त्यामुळे तो दिवस येणारच. ‘आत्ताची वेळ ठरलेल्या वेळेपेक्षा मोठी आहे का’ असं विचारणारं कोड त्या दिवशी फसतं. ‘आत्ता वजा तेव्हा’ अशी वजाबाकी चिन्हाशिवायच्या आकड्यांत केली तर फसत नाही. लहान माणसांचीच ही चूक असं नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने बोईंग ७८७ साठी आदेश काढला होता. सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर जनरेटरच्या नियंत्रकातला एक काउंटर भरून वाहतो आणि विमानाची सगळी एसी वीज जाऊ शकते, म्हणून त्याआधी वीज बंद करून चालू करा. सेकंदाचे शंभरावे भाग ३१ बिटांत मोजून बघा, हिशेब २४८ दिवसांवर येतो. माझ्या बोर्डावर मी काउंटर मुद्दाम भरायच्या एक मिनिट आधीच्या आकड्यावरून सुरू केला आणि तो शून्यावर येताना समोर बसून बघितला. ५० दिवस वाट बघायची गरज नाही.

तयार झीरो स्पीड स्विच पुढे आला आणि बसलासुद्धा. माझा बोर्ड काढला नाही. दोघांचे कॉन्टॅक्ट एकापाठोपाठ जोडलेत, कुणीही एक सुटला की पट्टा थांबतो. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मिस्त्री आधी एकाचा सेन्सर बाजूला करतो, मग दुसऱ्याचा. सेकंद मोठ्याने मोजतो आणि भिंतीवरच्या वहीत लिहून ठेवतो. माझ्या बोर्डापुढे आतापर्यंत तीन किंवा चारच लिहिलेलं आहे.